क्लायपेडा: एक कोटी टन पोटॅश थांबल्यावर

१ फेब्रुवारी २०२२ पासून लिथुआनियाच्या सरकारी रेल्वेने बेलारूसचं पोटॅश वाहून नेणं बंद केलं. सोलिगोर्स्कच्या खाणींतून निघणारं हे खत वर्षानुवर्षं क्लायपेडा बंदरात येऊन जहाजांत चढत होतं, वर्षाला सुमारे एक कोटी टन. २०२१ मध्ये क्लायपेडातून एकूण ४.५६ कोटी टन माल गेला-आला होता. म्हणजे बंदराच्या धंद्यातला साधारण चौथा हिस्सा एका सरकारी निर्णयाने गेला. २०२२ चा आकडा ३.६१ कोटींवर आला, २०२३ चा ३.२७ कोटींवर.

त्याच वर्षी, त्याच बंदरात, नेमकी उलटी गोष्टही घडली. एप्रिल २०२२ च्या सुरुवातीला लिथुआनियाने जाहीर केलं की आता रशियन गॅसचा एक घनमीटरही आम्ही विकत घेत नाही. गॅझप्रॉम या रशियन गॅस कंपनीच्या युरोपियन युनियनमधल्या गिऱ्हाइकांपैकी असं करणारा हा पहिला देश. ते जमलं, कारण क्लायपेडाच्या दक्षिण टोकाला २०१४ पासून 'इंडिपेंडन्स' नावाचं जहाज उभं होतं, एलएनजी म्हणजे थंड करून द्रवरूप केलेला नैसर्गिक वायू साठवून तो पुन्हा वायुरूपात देणारं.

दोन्ही बाबतींत देश पूर्वेकडच्या शेजाऱ्यावर विसंबून होता. गॅसच्या बाबतीत संकट येण्याच्या आठ वर्षं आधी पर्याय उभा राहिला होता. पोटॅशच्या बाबतीत तीनदा इशारा मिळूनही काही हललं नाही. असं का झालं, हा या प्रकरणाचा विषय. त्यासाठी आधी बंदराची जागा आणि मग त्याचा इतिहास पाहावा लागतो.

जागा

क्लायपेडा हे लिथुआनियाचं एकमेव मोठं बंदर. शहराची लोकसंख्या सुमारे दीड लाख. नेमन नदी कुर्श लगूनमध्ये, म्हणजे समुद्रालगतच्या उथळ सरोवरात, उतरते आणि लगूनचं पाणी एका अरुंद सामुद्रधुनीतून बाल्टिकमध्ये जातं. बंदर वसलंय ते या सामुद्रधुनीच्या पूर्व काठावर. समोरच्या काठावर कुर्श वाळूपट्टीचं उत्तर टोक आहे. एका बाजूला क्रेन, गोदामं, रेल्वेचे फाटे आणि अर्ध्या किलोमीटरच्या आसपास पाणी ओलांडलं की पाइनचं जंगल, असं दृश्य युरोपातल्या मोठ्या बंदरांत क्वचितच दिसतं.

बंदराची मोठी जमेची बाजू म्हणजे ते हिवाळ्यात गोठत नाही. इथून उत्तरेला, फिनलंडच्या आखातात, बर्फ फोडणारी जहाजं लागतात. क्लायपेडात सहसा लागत नाहीत. तोटे दोन. किनाऱ्यालगतचा प्रवाह वाळू दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकवत राहतो आणि ती बंदराच्या तोंडाशी साचते. शिवाय नदी लगूनमार्गे गाळ आणते तो वेगळाच. त्यामुळे गाळउपसा कधी संपतच नाही. प्रवेशवाहिनी सुमारे साडेपंधरा मीटर खोल ठेवावी लागते, कारण तेवढी खोली नसेल तर मोठी कंटेनर जहाजं आणि पूर्ण भरलेली बल्क (सुट्या मालाची) जहाजं इथे फिरकणारच नाहीत. दुसरा तोटा पश्चिमेच्या वाऱ्याचा. बंदराचं तोंड थेट उघड्या समुद्राकडे आहे. शरद ऋतूत वादळ आलं की तोंडाशी उसळी इतकी वाढते की जहाजाला बंदरात वाट दाखवणारा पायलट जहाजावर चढू शकत नाही. मग दोन लाटरोधक बंधाऱ्यांमधली वाट बंद होते आणि जहाजं बाहेर नांगर टाकून थांबतात.

पाठीमागचा मुलूख कोणाचा

बंदर म्हणजे धक्के, क्रेन आणि खोली. पण त्याचं पोट भरतं ते पाठीमागच्या मुलुखावर. क्लायपेडाची गंमत अशी की हा मुलूख जवळजवळ कायम दुसऱ्या कोणाचा तरी होता.

१२५२ मध्ये लिव्होनियन ऑर्डरच्या जर्मन सरदारांनी इथे मेमेल नावाचा किल्ला बांधला; गावाचं जर्मन नावही मेमेलच. १४२२ च्या मेल्नोच्या तहाने प्रशिया आणि लिथुआनियाची सीमा ठरली आणि ती जवळपास पाचशे वर्षं जागची हलली नाही. किल्ला आणि बंदर प्रशियाकडे, तर नेमनचं बहुतांश खोरं लिथुआनियाकडे, पुढे रशियन साम्राज्याकडे. लाकूड रशियातून तराफ्यांवर वाहत यायचं, मेमेलच्या करवत गिरण्यांत चिरलं जायचं आणि जहाजाने इंग्लंडला जायचं. लगूनमध्ये वादळात तराफे फुटायचे, म्हणून १८७३ पर्यंत खास कालवा खणून पूर्ण केला गेला. कालवा चालू होतो न होतो तोच १८७५ मध्ये तिल्सितहून रेल्वे आली. अशी वेळ चुकलेली गुंतवणूक बंदरांच्या इतिहासात नवी नाही.

राजकारणाची कृपा आणि अवकृपा दोन्ही या गावाने पाहिल्या. नेपोलियनकडून हरल्यावर प्रशियाचा राजा तिसरा फ्रेडरिक विल्यम आणि राणी लुईझ इथे येऊन राहिले. वर्षभर प्रशियाचं राज्य इथूनच चाललं. भूदासपद्धत संपवणारा ऑक्टोबर १८०७ चा फतवा मेमेलमध्येच निघाला. क्रिमियन युद्धात, १८५४ ते १८५६, ब्रिटिश-फ्रेंच आरमाराने रशियाची बंदरं कोंडली. प्रशिया तटस्थ होता, त्यामुळे रशियाचा माल मेमेलकडे वळला आणि बंदराने अभूतपूर्व पैसा पाहिला. त्याच काळात, ४ ऑक्टोबर १८५४ ला लागलेल्या आगीत शहराचा मोठा भाग जळाला. युद्ध संपलं, रशियन बंदरं उघडली आणि वळलेला माल पुन्हा आपल्या वाटेने गेला.

व्हर्सायच्या तहाने हा प्रदेश जर्मनीपासून तोडून फ्रेंच कारभाराखाली दिला. जानेवारी १९२३ मध्ये लिथुआनियाने स्थानिक उठावाच्या आडून तो ताब्यात घेतला. देशाला पहिल्यांदाच स्वतःचं बंदर मिळालं आणि त्याचा बहुतेक परदेशी व्यापार इथूनच होऊ लागला. सोळा वर्षांनी, मार्च १९३९ मध्ये, जर्मनीने निर्वाणीचा इशारा देऊन ते परत घेतलं. २३ मार्चला हिटलर युद्धनौकेने आला आणि शहराच्या नाट्यगृहाच्या सज्जातून बोलला. जानेवारी १९४५ अखेर सोव्हिएत सैन्य शिरलं तेव्हा गाव जवळजवळ रिकामं होतं. आजचे रहिवासी बहुतांश त्यानंतर येऊन वसलेल्यांचे वंशज.

सोव्हिएत काळात इथे दूरसागरी मासेमारीचा ताफा आणि जहाजदुरुस्तीच्या गोद्या वाढल्या. १९८६ मध्ये क्लायपेडा ते पूर्व जर्मनीतलं मुक्रान अशी रेल्वे-फेरी सुरू झाली. वाघिणीच्या वाघिणी जहाजात चढायच्या, पोलंडमध्ये शिरायची गरजच नाही. पोलंडमधली अस्वस्थता हे त्यामागचं उघड कारण होतं. स्वातंत्र्यानंतर मासेमारीचा ताफा मोडीत निघाला. १९८९ मध्ये दोन लाखांवर असलेली लोकसंख्या घटत गेली. हाताशी उरला तो रेल्वेमार्ग, आणि त्याची रुंदी सोव्हिएत मापाची: १५२० मिलिमीटर. पोलंडच्या सीमेपलीकडे १४३५. पोटॅशच्या धंद्याचं मूळ या आकड्यांत आहे. सोलिगोर्स्कची वाघीण चाकं न बदलता थेट क्लायपेडाच्या गोदामात येत होती, वॉर्साची येऊ शकत नव्हती. शिवाय बेलारूससाठी रशियन बंदरांपेक्षा हे बंदर जवळ होतं आणि हिवाळ्यात मोकळंही.

पोटॅश हाताळतात कसं

पोटॅश म्हणजे इथे पोटॅशियम क्लोराइड, आपल्याकडच्या खतांच्या दुकानातलं एमओपी. एका वाघिणीत साधारण ७० टन धरले, तर वर्षाच्या एक कोटी टनांसाठी रोज सुमारे ४०० वाघिणी रिकाम्या कराव्या लागतात. साठ वाघिणींची एक गाडी मानली तर दिवसाला सहा-सात गाड्या, तेही सणवार न पाहता. वाघिणीचं तळ उघडतं, माल खालच्या खड्ड्यात पडतो, तिथून बंदिस्त कन्व्हेअर पट्ट्याने गोदामात आणि गोदामातून जहाज भरणाऱ्या यंत्राकडे जातो. साठ-सत्तर हजार टनांचं जहाज म्हणजे दोन-अडीच दिवसांच्या गाड्या. जहाज एकदम येतं आणि गाड्या थेंबाथेंबाने येतात, म्हणून मधे मोठं गोदाम अटळ.

या मालाचे नखरे ओलाव्याशी जोडलेले आहेत. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ८४ टक्क्यांवर गेली की पोटॅशियम क्लोराइड पाणी ओढू लागतं, मग सुकताना त्याचे दगड होतात. क्लायपेडात शरद आणि हिवाळ्यात हवा त्याहून ओलसर असते. म्हणून दाण्यांवर गुठळी-रोधक लेप देतात, गोदाम बंद ठेवतात आणि पाऊस सुरू झाला की जहाज भरणं थांबवून झाकणं लावतात. दुसरा त्रास गंजाचा: मिठासारखीच ही क्लोराइड धूळ लोखंडी सांगाडे, पट्ट्यांचे रोलर, विजेच्या पेट्या खात जाते.

हे सगळं इतक्या तपशिलात सांगायचं कारण असं की बंदी आल्यावर 'त्या गोदामांत आता धान्य भरा' हा सल्ला लगेच मिळाला. कागदावर सोपं वाटतं. पोटॅश जळत नाही; धान्याची धूळ मात्र बंद जागेत ठिणगीने स्फोट घडवते. म्हणजे पट्ट्यांच्या मोटारी, दिवे, धूळ ओढणारी यंत्रणा सगळी स्फोटरोधक हवी. धान्याला खालून हवा खेळवावी लागते आणि ढिगाच्या पोटातलं तापमान मोजत राहावं लागतं. पोटॅशला यातलं काहीच लागत नाही. वर भिंतींच्या सांध्यांत बसलेलं खत धुऊन काढायचं, तेव्हा कुठे गोदाम अन्नधान्याला चालेल. धान्य येतं तेही बरंचसं ट्रकने, देशातल्याच शेतांतून, आणि हंगाम ऑगस्टपासून. रोज ४०० वाघिणींची सवय असलेल्या रेल्वेचं त्यावर भागत नाही.

बल्क टर्मिनलची मालकीही गुंत्याची. ३० टक्के वाटा बेलारूसकाली या बेलारूसच्या सरकारी पोटॅश कंपनीचा, म्हणजे ज्याचा माल त्याचीच भागीदारी. शांततेच्या काळात याला कोणीही उत्तम व्यवस्था म्हणेल: गिऱ्हाईक भागीदार असलं की माल दुसरीकडे जात नाही. निर्बंध आले आणि तोच वाटा अडचणीचा झाला. लाभांश देता येत नाही, विकत घेणं सोपं नाही, नवा गुंतवणूकदार आणि बँका दचकून.

तीन इशारे

ऑगस्ट २०२० मध्ये बेलारूसमध्ये अध्यक्षपदाची वादग्रस्त निवडणूक झाली. लिथुआनियाने विरोधकांना आसरा दिला. त्याच महिन्यात बेलारूसचे अध्यक्ष लुकाशेन्को यांनी उघड धमकी दिली की आमचा माल क्लायपेडातून काढून दुसरीकडे नेऊ. हा पहिला इशारा. दुसरा फेब्रुवारी २०२१ मध्ये, जेव्हा बेलारूसने आपली तेल उत्पादनं रशियन बंदरांतून पाठवायचा करार केला. तेलाच्या टाक्यांना फटका बसला, पण पोटॅश येत राहिलं. रशियन बंदरांत तेवढं पोटॅश हाताळायची सोय अजून नाही, तोवर ते कुठेही जात नाही, असा हिशेब मांडला गेला. तेव्हापुरता तो बरोबरही होता.

तिसरा इशारा निर्बंधांचा. २३ मे २०२१ ला अथेन्सहून व्हिल्नियसला निघालेलं रायनएअरचं विमान मिन्स्कला उतरवून एका पत्रकाराला अटक झाली. महिन्याभरात युरोपियन युनियनने बेलारूसी पोटॅशवर निर्बंध लावले, पण ते मुद्दाम ठेवलेल्या फटीसकट. पोटॅशचं प्रमाण ४० टक्क्यांपेक्षा कमी किंवा ६२ टक्क्यांपेक्षा जास्त असलेल्या मालावर बंदी. बेलारूसकालीचा मुख्य माल ६० टक्क्यांचा. आपल्याकडे एमओपीच्या पोत्यावर ०:०:६० छापलेलं असतं, तोच. म्हणजे जगभर जे विकलं जातं ते मोकळं आणि किरकोळ प्रकार बंद.

खरा घाव अमेरिकेने घातला. ९ ऑगस्ट २०२१ ला बेलारूसकालीवर निर्बंध आले, व्यवहार गुंडाळायला ८ डिसेंबरपर्यंत मुदत. ती तारीख उलटली तरी गाड्या येतच राहिल्या, कारण बेलारूसकालीने रेल्वेला भाडं आगाऊ भरून ठेवलं होतं. अमेरिकी निर्बंध लिथुआनियाच्या रेल्वेवर थेट बंधनकारक नव्हते, फक्त बँका पैसे हलवायला तयार नव्हत्या; आणि पैसे तर आधीच आलेले. व्हिल्नियसमध्ये गदारोळ झाला. परराष्ट्रमंत्री आणि दळणवळणमंत्री यांनी राजीनाम्याची तयारी दाखवली, रेल्वेच्या प्रमुखांनी पद सोडलं. अखेर १२ जानेवारी २०२२ ला पंतप्रधान इन्ग्रिदा शिमोनीते यांच्या सरकारने हा करार राष्ट्रीय सुरक्षेच्या विरोधात असल्याचं ठरवून १ फेब्रुवारीपासून तो संपवला. युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर, मार्चच्या सुरुवातीला, युरोपियन युनियनने आपली फटही बुजवली.

इथे दोष कोणाचा, यावर लिथुआनियात बराच चिखल उडाला. नीट पाहिलं तर कोणाच्याच टेबलावर हे काम नव्हतं. पोटॅशमधून रेल्वेला भाडं, टर्मिनलला हाताळणीचे पैसे, बंदर प्राधिकरणाला शुल्क मिळत होतं. तिघांचाही ताळेबंद चांगला दिसत होता. पर्याय शोधायचा तर तिघांपैकी कोणाला तरी चालू नफ्यातून खर्च करावा लागला असता, आणि तशी सक्ती करणारा कायदा किंवा मंत्री नव्हता.

झळ आपल्यापर्यंतही पोचली. भारत वापरतो ते एमओपी जवळजवळ सगळं आयात होतं आणि बेलारूस त्यातला मोठा पुरवठादार. २०२१ च्या सुरुवातीला इंडियन पोटॅश लिमिटेडने बेलारूसशी २४७ डॉलर टनाचा दर ठरवला होता. वर्षभरात, फेब्रुवारी २०२२ मध्ये, दुसऱ्या पुरवठादाराशी झालेला करार ५९० डॉलरचा. जळगावचा केळीवाला असो की सांगलीचा ऊसवाला, हजाराच्या आसपास मिळणारं ५० किलोचं पोतं त्याला सतराशेला घ्यावं लागलं. क्लायपेडाचा निर्णय हे एकटंच कारण नव्हतं. भाव आधीपासून चढत होते आणि युद्धाने त्यात भर घातली. पण बेलारूसचा माल जगाच्या बाजारातून काही काळ गळाला तो याच धक्क्यावर.

गॅसचं उलट उदाहरण

२०१४ पर्यंत लिथुआनियाचा सगळा गॅस एका पाइपने, एका विक्रेत्याकडून येत होता आणि दर युरोपातल्या चढ्या दरांपैकी. तिन्ही बाल्टिक देशांसाठी एक सामायिक एलएनजी टर्मिनल असावं, अशी ब्रसेल्सची इच्छा. ते कोणाच्या किनाऱ्यावर, यावर एकमत होईना. लिथुआनियाने वाट पाहणं सोडलं. २०१२ मध्ये स्वतंत्र कायदा केला आणि नॉर्वेच्या होएग कंपनीकडून जहाज दहा वर्षांच्या भाड्याने घ्यायचा करार केला.

जमिनीवरचं टर्मिनल न बांधता तरंगतं घेण्याची कारणं सरळ. जमिनीवरच्या अतिशीत टाक्या बांधायला वर्षं लागतात आणि पैसा आधी ओतावा लागतो. जहाज कोरियाच्या गोदीत बनतं, तोवर इथे धक्का आणि पाइपलाइन बांधून होते. 'इंडिपेंडन्स' उल्सानच्या ह्युंदाई गोदीत बनलं, लांबी २९४ मीटर, टाक्यांची क्षमता १ लाख ७० हजार घनमीटर. उणे १६२ अंशांवर द्रव असलेला गॅस मोकळा केला की आकार सुमारे सहाशे पट होतो. म्हणजे भरलेलं जहाज साधारण १० कोटी घनमीटर गॅस बाळगून असतं. २७ ऑक्टोबर २०१४ ला ते बंदरात शिरलं.

ते उभं आहे बंदराच्या दक्षिणेला, लगूनच्या तोंडाशी, एका छोट्या बेटाजवळ. एलएनजी आणणारं प्रत्येक टँकर उत्तरेच्या तोंडातून शिरून अख्खी सामुद्रधुनी पार करत, जुन्या गावासमोरून तिथवर येतं. टग त्याला धरून असतात, त्या वेळी वाहिनीत इतर वाहतूक थांबवतात आणि वारा मर्यादेबाहेर असेल तर आत घेतच नाहीत. टँकर 'इंडिपेंडन्स'च्या कुशीला लागतं, गॅस जहाजातून जहाजात जातो, तिथे तापवून वायुरूपात आणतात आणि १८ किलोमीटरच्या पाइपलाइनने किनाऱ्यावरच्या मापन केंद्राकडे पाठवतात.

आकार मोठा, हा आक्षेप पहिल्या दिवसापासून होता. वर्षाला सुमारे ४ अब्ज घनमीटर देऊ शकणारं टर्मिनल आणि देशाची गरज अडीच अब्जांच्या आसपास. नॉर्वेच्या स्टॅटऑइलशी केलेला किमान खरेदीचा करार वर्षाला ५४ कोटी घनमीटरचा, जेमतेम टर्मिनल जिवंत ठेवण्यापुरता. खर्च सर्व गॅस ग्राहकांच्या वाहतूक दरात वाटला. देशातला सर्वांत मोठा ग्राहक, योनावाचा खत कारखाना, याविरुद्ध न्यायालयात गेला. टीका अगदीच पोकळ नव्हती. पहिली काही वर्षं जहाज आपल्या क्षमतेच्या बरंच खाली चाललं.

पण एक परिणाम जहाज येण्याआधीच दिसला. मे २०१४ मध्ये गॅझप्रॉमने दर सुमारे पाचव्या हिश्श्याने उतरवले. दुसऱ्या दुकानाची पाटी लागल्याबरोबर पहिल्याने भाव कमी केला. २०२२ मध्ये टर्मिनल पूर्ण भरून चाललं. लॅटव्हिया, एस्टोनिया आणि त्या मे महिन्यात सुरू झालेल्या पाइपलाइनमुळे पोलंडही त्याच्याशी जोडलेले होते. भाडेकरार संपताना, २०२४ च्या अखेरीस, जहाज विकतच घेतलं गेलं.

तरंगतं टर्मिनल म्हणजे यशाची हमी, असं मात्र कोणी समजू नये. २०२१ मध्ये होएगचंच, तेवढ्याच क्षमतेचं 'होएग जायंट' रत्नागिरी जिल्ह्यातल्या जयगडला आलं होतं. तिथे नियमित आयात सुरू झालीच नाही आणि जहाज पुढे दुसऱ्या कामावर गेलं. क्लायपेडात जहाजाच्या मागे कायदा होता, बांधील खरेदी होती आणि सर्व ग्राहकांकडून वसूल होणारं शुल्क होतं. हा खर्च कोण भरणार, याचं उत्तर आधीच लिहून ठेवलेलं होतं. पोटॅशच्या बाजूला नेमकं तेच पान कोरं होतं.

रिकामी जागा कशाने भरली

सर्वांत झटपट वाढले कंटेनर. २०२२ मध्ये क्लायपेडाने पहिल्यांदाच वर्षाला दहा लाख टीईयू (वीस फुटी कंटेनर हे माप) ओलांडले. एमएससी या कंपनीने इथे बाल्टिकमधलं मालबदलीचं केंद्र केलं आहे. मोठं जहाज इथे डबे उतरवतं, छोटी जहाजं ते शेजारच्या बंदरांत नेतात. साडेपंधरा मीटर खोलीचा खरा उपयोग इथे होतो. पण एक खोच आहे: बदलीचा डबा लिथुआनियाच्या रेल्वेवर चढत नाही, ट्रकवरही नाही. क्रेनला काम, धक्क्याला शुल्क, बस. आणि एका मोठ्या गिऱ्हाइकाच्या जागी दुसरं एकच मोठं गिऱ्हाईक आलं. फरक इतकाच की शिपिंग कंपनीशी संबंधित गुंतवणूकदाराने टर्मिनलमध्येच पैसे घातले आहेत, तेव्हा पाय काढणं तिलाही जड जाईल.

लिथुआनियाचा गहू हा दुसरा आधार, आणि तो खरोखर स्वतःच्या मुलुखातला. पीक चांगलं आलं की धक्के भरतात; पावसाने कापणी लांबली की दर्जा घसरतो आणि निर्यातही. युक्रेनचं धान्य पोलंडमार्गे आणायची कल्पना २०२२ मध्ये गाजली. नकाशावर ठीक, पण युक्रेनचा मार्ग १५२० चा, पोलंडचा १४३५ चा, लिथुआनियाचा पुन्हा १५२० चा. दोन सीमांवर माल किंवा चाकं बदलायची. टनामागे खर्च इतका वाढला की ते मोठ्या प्रमाणावर कधी झालंच नाही.

पवनचक्क्यांची पाती आणि खांब, कील आणि कार्ल्सहाम्नकडे जाणारे रो-रो (थेट जहाजात चढणारे) ट्रक, नाटोची लष्करी सामग्री हेही वाढतं आहे. टनात ते थोडं भरतं, पण हाताळणीचा दर चांगला. शहराच्या मुक्त आर्थिक क्षेत्रात प्लास्टिक बाटल्यांचं पीईटी रेझिन बनवणारे मोठे कारखाने आहेत, त्यातला एक इंडोरामाचा. कच्चा माल आणि तयार माल दोन्ही बंदरातून जात असल्याने त्यांची मालवाहतूक राजकारणावर कमी अवलंबून. रेल्वेला मात्र तोड सापडलेली नाही. २०२२ मध्येच तिची मालवाहतूक तिसऱ्या हिश्श्याहून जास्त घटली.

जागेवर जाऊन पाहायचं तर

क्लायपेडा हे देखणं आहे, पण व्हिल्नियससारखं एका नजरेत भुलवणारं नाही. व्हिल्नियसहून रेल्वेने साधारण चार तास; विमानाने यायचं तर पालांगा विमानतळ तीसेक किलोमीटरवर. जुन्या गावात लाकडी चौकटीत विटा भरलेली जर्मन धाटणीची घरं, नाट्यगृहाचा चौक आणि त्यात थारावच्या आन्खेनचा, एका जर्मन गाण्यातल्या मुलीचा, पुतळा. मूळ पुतळा १९१२ चा, युद्धानंतर नाहीसा झाला. आज आहे ती १९८९ मध्ये बसवलेली प्रतिकृती. दाने नदीवर उभं असलेलं 'मेरिडियानास' हे शिडांचं जहाज फिनलंडच्या तुर्कूमध्ये १९४८ ला बांधलेलं. जुलैअखेरीचा समुद्रोत्सव १९३४ पासूनचा. त्या आठवड्यात खोली आयत्या वेळी मिळत नाही.

बंदर पाहायला सर्वांत स्वस्त जागा म्हणजे स्मिल्तिनेची फेरी. इथे हमखास होणारी चूक सांगून ठेवलेली बरी: फेऱ्या दोन आहेत. नदीच्या मुखाजवळची जुनी फेरी पायी आणि सायकलवाल्यांची, पलीकडे जायला दहाएक मिनिटं. गाडी असेल तर दक्षिणेची नवी फेरी. जुन्या फेरीवर मोटार घेऊन पोचलेले पर्यटक उन्हाळ्यात रोज परत फिरताना दिसतात. पलीकडे उतरून उत्तरेला चालत गेलं की कोपगालिसच्या जुन्या किल्ल्यातलं सागरी संग्रहालय लागतं, १९७९ पासूनचं. त्याच्या बाजूला उभं राहिलं की बंदराच्या तोंडातून शिरणारी जहाजं अगदी जवळून जातात.

वाळूपट्टी ९८ किलोमीटर लांब, काही ठिकाणी जेमतेम ४०० मीटर रुंद, २००० पासून जागतिक वारसा. जंगल तोडल्यावर सुटलेल्या वाळूने अठराव्या-एकोणिसाव्या शतकात इथली गावंच्या गावं गाडली. आज दिसणारं पाइनचं रान मुद्दाम लावलेलं आहे. म्हणून टेकड्यांवर आखलेली वाट सोडून चालायला मनाई आहे आणि दंडही होतो. खाली निदा गाव पन्नासेक किलोमीटरवर, तिथे पार्निदिसची वाळूची टेकडी आणि टोमास मान यांचं उन्हाळी घर. गाडीने जाणाऱ्यांना वाटेत प्रवेशशुल्क भरावं लागतं, उन्हाळ्यात ते जास्त असतं. बसने गेलं तर तो प्रश्न नाही. निदाच्या पुढे रशियाची कॅलिनिनग्राड सीमा आहे. टेकडीवरून दक्षिणेकडे दिसणारी वाळू त्या बाजूची, तिकडे चालत जायचं नाही.

अजून न मिटलेलं

बल्क टर्मिनलमधला बेलारूसकालीचा ३० टक्के वाटा तसाच गोठलेला आहे. करार तोडल्याबद्दल बेलारूसची बाजू भरपाई मागते आहे. लिथुआनिया सुरक्षेच्या निर्णयाचा आधार घेतो. निर्बंध उठले तर पोटॅश परत येईल का, हा प्रश्न व्हिल्नियसमध्ये अधूनमधून डोकं वर काढतो. दरम्यान बेलारूसने सेंट पीटर्सबर्गच्या परिसरातल्या बंदरांत सोय उभी केली आहे आणि काही माल थेट रेल्वेने चीनला जातो. परतायचं ठरलंच, तर रोजच्या ४०० वाघिणींसाठी आधी तिकडचा खर्च सोडून द्यावा लागेल आणि इकडे जी गोदामं धान्याकडे वळली ती पुन्हा मोकळी करावी लागतील.